पाळी जाण्याच्या वयात बीपी का चढतं, आणि ते नीट मोजायचं कसं

पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या बाईचं डोकं दुखायला लागलं, छातीत धडधडायला लागलं, रात्री झोप मोडायला लागली, की घरातली माणसं, मैत्रिणी आणि कधीकधी डॉक्टरही एकच सांगतात, ‘वयच आहे ते, पाळी जायची वेळ आली.’ बहुतेकदा ते खरंही असतं. पण याच वयात बीपीही चढू लागतं, आणि ते बरेचदा कसलीही तक्रार न करता चढतं. म्हणून दंडाला पट्टा न बांधताच ‘पाळीचं आहे’ म्हणून विषय सोडून देणं मला धोक्याचं वाटतं. मोजून बघितलं, आकडा ठीक निघाला, मग खुशाल पाळीवर घाला.

आधी आत काय बदलतं ते पाहू. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. पण इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हॉर्मोन त्या दिवशी अचानक संपत नाही. आधीची काही वर्षं ते वरखाली होत असतं आणि मग खाली येऊन स्थिरावतं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, आणि त्यामुळे वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैलावतो. इस्ट्रोजेन या कामाला जोर देतं, आणि वाहिन्या आवळणाऱ्या एंडोथेलिनला आवर घालतं. ते कमी झालं की तोल आवळण्याच्या बाजूला झुकतो. मूत्रपिंडाकडची रेनिन-अँजिओटेन्सिनची साखळीही जास्त जागी होते. ही साखळी वाहिन्या आकुंचित करते आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. म्हणूनच जेवढं मीठ पस्तिशीत पचत होतं, तेवढ्याच मिठाने पाळी गेल्यावर अनेकींचं बीपी वाढतं. त्यात चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात साठायला लागते, आणि मोठ्या धमन्यांचा लवचीकपणा कमी होतो.

यात वयाचा वाटा किती आणि पाळीचा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, त्यामुळे वेगळ्या काढणं कठीण जातं. एवढं मात्र दिसलं आहे की बायकांचं बीपी पुरुषांपेक्षा कमी आकड्यावरून सुरू होतं आणि तिशीपासूनच जास्त वेगाने चढत जातं. साठीनंतर बायका पुरुषांना गाठतात किंवा मागे टाकतात. तेव्हा पाळी बंद होण्याची वाट बघत थांबू नये. चाळिशीपासून वर्षातून एकदा तरी बीपी मोजलेलं असावं, आणि पाळी अनियमित व्हायला लागली की दर तीन-चार महिन्यांनी.

आकडे वाचताना दोन चुका वारंवार होतात. चाळिशीत बरेचदा आधी खालचा आकडा वाढतो, म्हणजे १३२/९२ असं काहीतरी. वरचा बरा दिसतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. साठीनंतर उलट होतं. धमन्या कडक झाल्यामुळे वरचा १५८ होतो, खालचा ७२ राहतो, आणि ‘खालचं तर छान आहे’ म्हणून समाधान मानलं जातं. दोन्हींपैकी कुठलाही एक आकडा हद्दीबाहेर असला तरी बीपी वाढलेलंच धरायचं. शिवाय वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर रुंदावत जाणं हे धमन्या ताठ झाल्याचंच लक्षण आहे.

काहींनी जास्त सावध राहायला हवं. गरोदरपणात बीपी वाढलं होतं किंवा प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढून मूत्रपिंडासारख्या अवयवांवर ताण येणं) झाला होता, त्यांना पुढे कायमचं बीपी होण्याची शक्यता इतरांपेक्षा तिप्पट-चौपट असते. बाळंतपणानंतर बीपी उतरतं आणि ती गोष्ट वीस वर्षांत विसरली जाते. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, म्हणून आपण सांगायचं. गरोदरपणातला मधुमेह, पीसीओएस (अंडाशयांचा हॉर्मोन-बिघाड), आईवडिलांना लवकर लागलेलं बीपी, पंचेचाळिशीच्या आत गेलेली पाळी, किंवा ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं काढलेली असणं, हेही सांगायचं. गर्भाशय काढलं तेव्हा अंडाशयं ठेवली की काढली हे कित्येकींना माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं.

आता मोजण्याकडे येते. इथे जरा जास्त थांबते, कारण चुकीच्या आकड्यावर औषध सुरू होणं आणि चुकीच्या आकड्यामुळे औषध राहून जाणं, दोन्ही वाईटच.

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मॉडेल तपासलेलं आहे का हे ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेच्या ऑनलाइन यादीत बघता येतं. खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा त्या यादीवर विश्वास ठेवा. मग दंडाचा घेर मोजा. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, हात सैल सोडलेला. पट्ट्यावर किती सेंटिमीटरच्या दंडासाठी तो आहे हे छापलेलं असतं. बऱ्याच मशिनांबरोबर येणारा पट्टा २२ ते ३२ सेंमीचा असतो. घेर ३५ असेल तर तो पट्टा लहान पडतो आणि बीपी खोटंच जास्त दाखवतो. पट्टा एक माप लहान असला तर वरचा आकडा सरासरी ५ ने, दोन मापं लहान असला तर २० च्या आसपासही वाढू शकतो. पाळी जाण्याच्या वर्षांत वजन वाढून दंड भरतो, घरात मशीन मात्र जुनंच असतं. बीपी अचानक वाढलं असं वाटलं तर पहिल्यांदा टेप काढा.

बसण्याची पद्धत अशी. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयाने आकडा १० पर्यंत वाढू शकतो, आणि या वयात लघवीची घाई अनेकींना असते. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा, तळवे जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसा, मोबाइल बाजूला. बाही घट्ट असेल तर ती वर सरकवू नका, कारण गुंडाळलेली बाही दंड आवळते. हात बाहीतून बाहेरच काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंमी वर असावी, आणि आत दोन बोटं जातील इतपतच घट्ट. हात टेबलावर असा ठेवा की पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या निम्म्या उंचीवर येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. हात मांडीवर ठेवला तर आकडा साधारण ४ ने आणि बाजूला लोंबता ठेवला तर ६-७ ने जास्त येतो. मोजताना बोलायचं नाही, ‘किती आलं गं?’ याला उत्तरही द्यायचं नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बघा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच पुढे कायम वापरा. वरच्या आकड्यात सतत १५ पेक्षा जास्त फरक पडत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण एका हाताची धमनी अरुंद झालेली असू शकते. मग सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्ता यांच्या आधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून लिहा. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्या सहा दिवसांच्या २४ आकड्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी आहे. दवाखान्यात हीच हद्द बहुतेक ठिकाणी १४०/९० मानतात. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत २०१७ पासून ती १३०/८० आहे, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या बोलण्यात फरक वाटला तर गोंधळू नका. आवडला नाही तो आकडा गाळू नका. डॉक्टरांना पूर्ण वही दाखवली तरच तिचा उपयोग.

हॉट फ्लॅश, म्हणजे अंग अचानक तापून घाम सुटण्याचा झटका, चालू असताना मोजू नका. तेव्हा नाडी वाढते, घामाने आणि नंतरच्या थंडीने हात स्थिर राहत नाही, आणि आकडा भरवशाचा येत नाही. अर्ध्या तासाने मोजा आणि शेजारी तशी खूण करा. मात्र याला एक अपवाद आहे. घाम, धडधड आणि जोराची डोकेदुखी हे तिन्ही एकदम, झटक्यासारखं येत असेल, चेहरा लाल होण्याऐवजी पांढरा पडत असेल, तर नेमकं त्याच वेळी मोजून ठेवा. तेव्हा बीपी खूप चढलेलं आढळलं तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीची फिओक्रोमोसायटोमा ही गाठ शोधावी लागते. ती क्वचितच असते, पण तिची लक्षणं हॉट फ्लॅश म्हणून वर्षानुवर्षं खपून जाऊ शकतात. थायरॉइडचं काम वाढल्यावरही गरम होणं, धडधड, झोप न येणं असंच होतं, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी.

रात्रीचं बीपी हा वेगळाच भाग. झोपेत ते दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवं. रात्री घामाने वारंवार जाग येत असेल तर हे उतरणं कमी पडू शकतं, आणि दिवसाच्या आकड्यांतून ते कळत नाही. दंडाला २४ तास बांधून ठेवायच्या यंत्रावर ते दिसतं. झोपेतली सरासरी १२०/७० च्या वर असेल तर ती जास्त समजतात. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, वाढतो. बायकांमध्ये त्याचं रूप दरवेळी ढणाढणा घोरण्याचं नसतं. सकाळी जड डोकं, दिवसभर मरगळ, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, तुटक झोप, एवढंच असतं, आणि ते सगळं पुन्हा पाळीच्याच खात्यावर जातं. तीन औषधं चालू असूनही बीपी आटोक्यात येत नसेल तर झोपेची तपासणी आणि अल्डोस्टेरॉन-रेनिनची (मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या साखळीची) रक्ततपासणी, या दोन्हींबद्दल स्वतःहून विचारा.

हॉर्मोनच्या उपचारांबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, बीपी असेल तर हॉर्मोन घ्यायचेच नाहीत. दुसरं, इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे बीपी वाढलं, तर इस्ट्रोजेन घेतलं की उतरेल. दोन्ही चूक. बीपी कमी करायला हॉर्मोन देत नाहीत, पण हॉट फ्लॅश असह्य असतील आणि बीपी औषधाने आटोक्यात असेल तर ते देता येतात. ते कोणत्या रूपात घेतले यावर बरंच अवलंबून आहे. गोळीतलं इस्ट्रोजेन पोटातून थेट यकृतात जातं, आणि तिथे अँजिओटेन्सिनोजेन जास्त तयार होतं. तोच तर बीपी चढवणाऱ्या साखळीचा कच्चा माल आहे. त्वचेवरच्या पट्टीतलं किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जात नाही, म्हणून बीपीवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या ४५ वर्षांवरच्या १ लाख १२ हजार स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोळी घेणाऱ्यांना पट्टी-जेल वापरणाऱ्यांपेक्षा बीपी जडण्याची शक्यता १४ टक्के जास्त दिसली, आणि योनिमार्गातून घेणाऱ्यांपेक्षा १९ टक्के. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारा प्रयोग नाही. पण यकृताचा मार्ग लक्षात घेतला तर निष्कर्ष पटतो. बीपी असलेल्या बाईने ‘मला गोळीऐवजी पट्टी किंवा जेल चालेल का?’ हे विचारायलाच हवं. उपचार सुरू केल्यावर तीन महिन्यांच्या आत बीपी पुन्हा आठवडाभर मोजा. कोरडेपणासाठी योनीत लावायच्या कमी डोसच्या क्रीमचा हॉर्मोन रक्तात फार थोडा जातो. बीपीच्या भीतीने ते टाळायचं कारण नाही.

पाळी अनियमित झाली म्हणून काहींना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या जातात. त्यांतल्या हॉर्मोनचा जोर रजोनिवृत्तीच्या उपचारांपेक्षा बराच जास्त असतो, आणि बीपी असलेल्या किंवा पस्तिशीपुढच्या सिगारेट ओढणाऱ्या बाईला त्या चालत नाहीत. गोळी लिहून देण्याआधी कुणी बीपी मोजलं नसेल तर मोजायला सांगा.

बीपी वाढवणारी बाकीची औषधं याच वयात घरात शिरतात. गुडघे-खांदे दुखायला लागतात आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक रोजचं होतं. ती मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या गोळीची धार बोथट करतात. हॉट फ्लॅशसाठी व्हेन्लाफॅक्सिन दिलं असेल तर त्यानेही काहींचं बीपी वाढतं. क्लोनिडिन हे हॉट फ्लॅशवरही देतात आणि बीपीवरही. ते मनाने एकदम बंद केलं तर बीपी उसळी मारतं. नाक मोकळं करणारी स्यूडोएफेड्रिनची गोळी, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून आठवडेच्या आठवडे घेतलेलं ज्येष्ठमध, हेही त्याच रांगेत. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्यांकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. अशा काही गोळ्यांत प्रत्येकी ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रोज कॅल्शियमची फसफसती गोळी घेत असाल तर साधी गोळी मागा.

बीपीचं औषध सुरू झालं की या वयातल्या बाईने काही गोष्टी मुद्दाम विचाराव्यात. अ‍ॅम्लोडिपिनने चेहरा गरम होतो आणि घोटे सुजतात. नवे हॉट फ्लॅश गोळीनंतर सुरू झाले की आधीपासून होते, हे तारखेनिशी सांगता आलं पाहिजे. घोट्यांच्या या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. डोस कमी करणं किंवा दुसरं औषध जोडणं हा त्यावरचा मार्ग. एनालाप्रिल-रामिप्रिलच्या गटामुळे येणारा कोरडा खोकला बायकांना जास्त होतो. टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटात तो सहसा येत नाही. पण या दोन्ही गटांची औषधं गर्भाला घातक आहेत, आणि पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नाही. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. गोळी लिहिताना हे विचारलं गेलं नाही, तर आपण काढायचं. थायझाइड गटाची लघवीची औषधं कॅल्शियम लघवीतून जाऊ देत नाहीत, हाडांच्या दृष्टीने ते बरंच. मात्र त्यांनी सोडियम-पोटॅशियम उतरू शकतं, म्हणून सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्त तपासायचं. ती सकाळीच घ्यायची, नाहीतर आधीच तुटक असलेली झोप लघवीसाठी आणखी मोडते.

मिठाबद्दल ‘कमी खा’ एवढं सांगून भागत नाही. दिवसाची हद्द ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे २ ग्रॅम सोडियमची. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ, दिवसाच्या हिश्शातलं ३० टक्के १०० ग्रॅमच्या एका पाकिटात संपलं. पोटॅशियमवालं पर्यायी मीठ चांगलं आहे, पण मूत्रपिंड नाजूक असेल किंवा एनालाप्रिल-रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन-लोसार्टनच्या गटातलं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

वजन कमी केलं तर किलोमागे साधारण एका आकड्याने बीपी उतरतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच, पण मला भिंतीला पाठ टेकून हवेतल्या खुर्चीत बसण्याच्या व्यायामाची शिफारस करावीशी वाटते. दोन मिनिटं बसायचं, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. अशा स्थिर ताणाच्या व्यायामाने बीपी चांगलं उतरतं हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. गुडघे दुखत असतील तर पूर्ण खाली बसू नका, ३० सेकंदांपासून सुरुवात करा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्वास रोखणं, त्याने बीपी त्या क्षणी झपकन वर जातं. आकडे मोठ्याने मोजत बसा, म्हणजे श्वास अडकणार नाही. बीपी १८०/११० च्या पुढे असेल तर आधी औषध, मग हा व्यायाम.

आणि आकडा कधी १८०/१२० किंवा त्याहून वर दिसला तर घाबरून लगेच पुन्हापुन्हा पट्टा फुगवू नका. पाच मिनिटं शांत बसून एकदा मोजा. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, यातलं काहीही असेल तर तडक हॉस्पिटल गाठा. यातलं काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मनाने जादा गोळी घेऊ नका, आणि जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायचा जुना उपाय तर कुणी सुचवला तरी करू नका. त्याने बीपी इतकं झटकन पडतं की मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो.